तुमचे प्रश्न : पुलबॅकमध्ये घ्यायचं की थांबायचं?

प्रश्न : नमस्कार सर, मी दोनेक वर्षांपासून करन्सीचे चार्ट बघतोय, खरे पैसे अजून लावलेले नाहीत. ट्रेंड वर असताना वरच्या भावात घुसू नये, पुलबॅकची, म्हणजे भाव थोडा मागे येण्याची, वाट बघावी असं सगळेच सांगतात. म्हणून मी फिबोनाचीच्या रेघा (आधीची चढण किती टक्के परत आली ते दाखवणाऱ्या) काढून ५० किंवा ६१.८ टक्क्यांवर कागदावर ऑर्डर लावतो. पण एकतर भाव तिथपर्यंत येतच नाही, नाहीतर येतो तो सरळ खाली जातो, स्टॉप लॉस (तोटा थांबवायची ठरवलेली पातळी) उडवतो आणि मग परत वर. पुलबॅक आहे की ट्रेंडच संपला, हे ओळखायचं कसं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचं जे होतंय ते अगदी तसंच २०२२ च्या डॉलर-येनमध्ये झालेलं आहे, चार्ट उघडून शेजारी ठेवा आणि वाचा. मार्चच्या सुरुवातीला भाव, म्हणजे एका डॉलरला किती येन, ११५ च्या आसपास होता, मे महिन्यात १३१ च्या वर गेला आणि मग १२६.४ पर्यंत खाली आला. म्हणजे साधारण ३० टक्केच परत आला. ३८.२ सुद्धा लागला नाही, ५० वर ऑर्डर लावणारा बसून राहिला. तिथून जुलैच्या मध्याला १३९.४, आणि २ ऑगस्टला १३०.४! हा पुलबॅक जवळजवळ ७० टक्क्यांचा, म्हणजे ६१.८ वर घेऊन थोडा खाली स्टॉप लावणारा बाहेर फेकला गेला आणि सप्टेंबरमध्ये भाव १४४ च्या पुढे. एकच ट्रेंड, एकच वर्ष, आणि दोन्ही वेळा पुस्तकातली रेघ कामाला आली नाही. रेघा काढू नका असं मी म्हणत नाही, पण ट्रेंड जिवंत आहे का हे रेघ सांगत नाही, त्यासाठी ट्रेंड कशावर चाललाय ते माहीत पाहिजे.

त्या वर्षी कारण अगदी उघड होतं. अमेरिकेच्या फेडने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, मार्चपासून व्याजाचे रेट वाढवायला घेतले ते डिसेंबरपर्यंत ४.२५ ते ४.५० वर नेले, आणि बँक ऑफ जपान उणे ०.१ वरच बसून, वर दहा वर्षांच्या बाँडचं यील्ड (त्यावर मिळणारा परतावा) ०.२५ च्या वर जाऊ देणार नाही म्हणत होती. मग पैसा येनमधून डॉलरकडे पळणार नाही तर काय. आता जुलैचा पुलबॅक का आला? अमेरिकेचा जीडीपी सलग दुसऱ्या तिमाहीत घटल्याचा पहिला अंदाज आला, फेड आता हळू होईल असं बाजाराला वाटलं आणि अमेरिकन यील्ड घसरले. पण ते वाटणंच होतं, फेड थांबली नव्हती, जपानही हलला नव्हता, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नोकऱ्यांचा आकडा दणदणीत आला तसा तो समज गळून पडला. २२ सप्टेंबरला जपान सरकारने डॉलर विकून येन वाचवायचा प्रयत्न केला, १९९८ नंतर पहिल्यांदाच, भाव काही तासांत जवळपास १४६ वरून १४०-१४१ पर्यंत आपटला. पण रेटमधला फरक तसाच होता, महिन्याभरात भाव १५० च्या वर.

आणि १० नोव्हेंबर बघा. अमेरिकेची महागाई ७.७ टक्के आली, अपेक्षेपेक्षा कमी, आणि एका दिवसात १४६ वरून १४१ च्या आसपास. चार्टवर हाही आधीच्या पुलबॅकसारखाच दिसतो. पण इथे ज्याच्यामुळे फेड रेट वाढवत होती तीच गोष्ट ढिली पडायला लागली होती, आणि २० डिसेंबरला बँक ऑफ जपानने ०.२५ ची मर्यादा ०.५० केली, म्हणजे दुसरी बाजूही हलली. जानेवारीत १२७. ज्यांनी नोव्हेंबरमध्ये ‘स्वस्तात मिळतंय’ म्हणून घेतलं त्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

मग करायचं काय, तर खाली येत असताना ऑर्डर लावून झेलायला जाऊ नका. भाव वळू द्या, डेली चार्टवर आदल्या दिवसाच्या हायच्या (सर्वात वरच्या भावाच्या) वर क्लोज (दिवसाचा शेवटचा भाव) मिळू दे, दोन-तीन येन महाग पडेल, पडू दे. स्टॉप पुलबॅकच्या तळाच्या खाली. ऑगस्टमध्ये १३३.५ ला घेऊन १३०.२ चा स्टॉप लावला असता तर त्याच महिन्यातल्या अमेरिकेच्या महागाईच्या आकड्यानंतर भाव १३१.७ पर्यंत येऊनही स्टॉप वाचला असता. मात्र एवढा लांब स्टॉप, म्हणजे भावाच्या अडीच टक्क्यांच्या आसपास, तर सौद्याची साइज लहान. भांडवल २ लाख आणि एका ट्रेडमध्ये १ टक्का, म्हणजे २००० रुपयेच घालवायची तयारी असेल तर पोझिशन येते फक्त ८० हजारांच्या आसपास. लिव्हरेज (उसन्या पैशावर मोठा सौदा) लागतच नाही! हे कोणाला आवडत नाही, पण हिशोब असाच आहे.

प्रश्न : आमचा बेदाण्याचा एक्स्पोर्ट आहे, पेमेंट डॉलरमध्ये येतं. डॉलर वरच चाललाय तर एनएसईवर पुलबॅकमध्ये डॉलर-रुपया फ्युचर्स (पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवणारे करार) घेत जाऊ का? – तासगावहून

उत्तर : दादा, तुम्ही आधीच डॉलरच्या बाजूला बसलेले आहात. येणाऱ्या पेमेंटमुळे डॉलर वाढला तर तुमचा फायदा आहेच, त्यावर अजून लॉट घेतले तर डॉलर पडला की दोन्हीकडून मार. शिवाय ३ मे २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम कडक आहे, रुपयाचे करन्सी फ्युचर्स खऱ्या व्यवहारातली जोखीम झाकण्यासाठीच, आणि तुमची जोखीम डॉलर पडण्याची आहे. त्यामुळे तुम्ही घ्यायचे नाहीत, विकायचे, तेही येणाऱ्या रकमेच्या काही भागाएवढेच. एक लॉट हजार डॉलरचा. रुपयात येनसारखे मोकळे पुलबॅक दिसतीलच असंही नाही, रिझर्व्ह बँक मध्ये उतरते, भाव महिनोन्महिने एका पट्ट्यात ठेवते आणि मग अचानक पायरी चढतो.

प्रश्न : टेलिग्रामवरच्या एका ग्रुपने ॲप दिलंय, त्यात डॉलर-येन ५०० पट लिव्हरेजने करता येतं. मी २० हजार टाकलेत, नफा दिसतोय. चालेल ना? – पुणे

उत्तर : नाही चालणार. भारतात राहून परवानगी नसलेल्या प्लॅटफॉर्मवर फॉरेक्स करणं फेमा (परकीय चलन) कायद्याचं उल्लंघन ठरतं, त्यावर कारवाई होऊ शकते, आणि मार्जिनसाठी (सौद्याला लागणारी अनामत) परदेशात पैसे पाठवायला एलआरएसमध्येही (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) परवानगी नाही. रिझर्व्ह बँकेच्या साइटवर अशा ॲपची अलर्ट लिस्ट आहे, तिथे नाव शोधा, पण नाव नसलं म्हणजे ॲप चांगलं असंही नाही. आणि वरचा हिशोब वाचा, ५०० पटीला भाव ०.२ टक्के उलटा गेला की मार्जिन साफ, पुलबॅक तर लांबच, चहा पिऊन येईपर्यंत डॉलर-येन तेवढा हलतो. दिसणारा नफा हा स्क्रीनवरचा आकडा आहे, आजच पैसे काढायला टाका. ‘आधी टॅक्स भरा मग पैसे सोडतो’ असं म्हणाले तर एक रुपयाही भरू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.