सरनौबत, सेनापती, सरसेनापती, सरलष्कर : एकच पद की चार वेगळी?

प्रश्न असा आलाय की नेताजी पालकरांना सरनौबत म्हणतात, येसाजी कंकांनाही सरनौबत म्हणतात, दोघं एकाच काळातले, मग खरा सरनौबत कोण? आणि हंबीरराव मोहित्यांना कुठे सरनौबत, कुठे सेनापती, कुठे सरसेनापती लिहिलेलं असतं, तर शाळेच्या प्रोजेक्टमध्ये नेमकं काय लिहायचं?

आधी थेट उत्तर देतो. नेताजी घोडदळाचे सरनौबत, येसाजी पायदळाचे, म्हणजे दोघंही खरेच. आणि सरनौबत फक्त हे दोनच नव्हते, स्वराज्यात एका वेळी कितीतरी सरनौबत होते, आणि हीच गोष्ट लोकांना माहीत नसते म्हणून सगळा घोळ होतो. 'सरनौबत म्हणजे सेनापतीचा फारसी प्रतिशब्द' असं आपण धरून चालतो ते अर्धंच बरोबर आहे.

शब्दापासून सुरू करू. सर म्हणजे प्रमुख, हा फारसी, तो आपल्या ओळखीचा आहेच, सरपंच, सरचिटणीस, सरन्यायाधीश सगळीकडे तोच बसलाय. नौबत हा मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आला आणि त्याचा पहिला अर्थ नगारा नाही, पहिला अर्थ 'पाळी, वेळ'. ठरलेल्या वेळेला जे वाजायचं ते वाद्यही मग नौबत झालं. 'उपाशी राहायची नौबत आली' म्हणतो तेव्हा आपण तो जुना अर्थच वापरत असतो, तिथे नगाऱ्याचा काही संबंध नाही. बहामनी दरबारात सुलतानाचं खास रक्षकदल असायचं, त्याला खासखेल म्हणायचे, त्याच्या पाळीपाळीने पहाऱ्याला उभ्या राहणाऱ्या तुकड्या केलेल्या होत्या, त्या तुकड्या म्हणजे नौबती आणि त्यांच्यावरचा प्रमुख तो सरनौबत. म्हणजे पदाच्या मुळाशी लढाईपेक्षा देखरेख जास्त आहे, कोणाची पाळी, कोण हजर, कोण गैरहजर हे बघणारा माणूस.

हा देखरेखीचा अर्थ शिवाजी महाराजांच्या व्यवस्थेत अगदी ठळक दिसतो, आणि मला या सगळ्यात तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बखर लिहिली, त्यात लष्कराची रचना दिलीय. 25 बारगिरांवर (सरकारी घोड्यावरचे स्वार) एक हवालदार, 5 हवालदारांवर जुमलेदार, 10 जुमल्यांवर हजारी, 5 हजारींवर पंचहजारी आणि या सगळ्यांच्या वर सरनौबत. जुमलेदाराला 500 होन (सोन्याचं नाणं) आणि पालखी, हजारीला 1000 होन. वरच्या प्रत्येक पायरीवर हिशेब ठेवणारा वेगळा, मुजुमदार, कारभारी, जमेनीस असे, आणि बातम्या आणणारे हरकारे-जासूद वेगळे. बहिर्जी नाईक, ज्यांना आपण हेरखात्याचे प्रमुख म्हणतो, ते सुद्धा सभासदाच्या सांगण्याप्रमाणे सरनौबताजवळच ठेवलेले होते.

आणि कामाची पद्धत बघा. पावसाळ्यात लष्कर छावणीला, दसऱ्याला बाहेर पडायचं, निघताना लहानथोर प्रत्येकाच्या सामानाची यादी करायची, आठ महिने मुलूखगिरी करून वैशाखात परत आलं की प्रत्येकाचा झाडा घ्यायचा म्हणजे कसून झडती, यादीपेक्षा जे जास्त निघेल ते सरकारजमा नाहीतर पगारातून वळतं. लष्करात बायको, बटीक, कलावंतीण कोणी न्यायची नाही. चिपळूणजवळच्या छावणीला महाराजांनी लिहिलेलं ते प्रसिद्ध पत्र घ्या, ते जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांच्या नावाने आहे आणि त्यात लढाईचं काही नाही, त्यात आहे ते वैरण पावसाळाभर कशी पुरवायची, रयतेला काडीचाही त्रास कसा द्यायचा नाही, आणि रात्री दिवा जळता राहिला तर उंदीर वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि घोडी मरतील, इतका बारीक विचार. या शिस्तीच्या उतरंडीचं वरचं टोक म्हणजे सरनौबत. त्याला नुसतं 'लढाईत पुढे असणारा शूर सरदार' म्हणून मोकळं होणं मला तरी पटत नाही.

आता 'कितीतरी सरनौबत' हे कसं? प्रत्येक गडावर तीन मुख्य अधिकारी असत, हवालदार, सबनीस आणि सरनौबत, तिघांनी मिळून कारभार करायचा, एकट्याला फितून गड देता येऊ नये म्हणून मुद्दाम अशी रचना. मोठा घेर असलेल्या गडावर त्याशिवाय पाच-सात तटसरनौबत, प्रत्येकाकडे तटाचा एकेक भाग. मग घोडदळाचा सरनौबत आणि पायदळाचा सरनौबत हे संपूर्ण लष्कराच्या पातळीवरचे. बँकेत ब्रँच मॅनेजरही मॅनेजरच आणि हेड ऑफिसचा जनरल मॅनेजरही मॅनेजरच, तसंच हे. पायदळाची उतरंड वेगळी होती, 7 हजारींवर सरनौबत, आणि तिथे आधी नूर बेग आणि नंतर येसाजी कंक.

प्रतापराव गुजरांची गोष्ट यासाठी एकदम उपयोगी आहे. जानेवारी 1666 मध्ये पन्हाळ्यावरचा हल्ला फसला, नेताजी वेळेवर पोचले नाहीत म्हणून महाराजांनी त्यांना दूर केलं (पुढे ते आदिलशाहीत, मग मोगलांकडे, तिथे धर्मांतर आणि 1676 ला परत, ती मोठी कथा आहे). त्यांच्या जागी कोण आलं हे सांगताना सभासद म्हणतो की राजगडाचा सरनौबत कुडतोजी गुजर होता, त्याचं नाव बदलून प्रतापराव ठेवलं आणि सरनौबती दिली. आता सरनौबत म्हणजे सरसकट सेनापती असं धरलं तर या वाक्याचा अर्थच लागत नाही, जो आधीच सरनौबत आहे त्याला परत सरनौबती कशी देणार? पण गडाचा सरनौबत लष्कराचा सरनौबत झाला, हे प्रमोशन आहे असं वाचलं की सगळं सरळ होतं. या पदावरच्या माणसांची यादीही सोबत देऊन टाकतो, तुकोजी चोर, माणकोजी दहातोंडे, साधारण 1657-58 पासून नेताजी पालकर, मग प्रतापराव आणि 24 फेब्रुवारी 1674 ला प्रतापराव नेसरीला पडल्यावर हंसाजी मोहिते, त्यांना हंबीरराव हा किताब मिळाला.

सेनापती हा शब्द अधिकृत झाला तो त्याच वर्षी, 6 जून 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत आणि सरनौबताचा सेनापती. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश हा याच धोरणाचा भाग. पण लक्षात घ्या, नाव बदललं ते मंत्रिमंडळातल्या एका सर्वोच्च पदाचं. गडावरचे सरनौबत सरनौबतच राहिले, त्यांना कोणी सेनापती म्हणायला लागलं नाही. म्हणून हंबीरराव हे एकटेच असे आहेत की ज्यांना दोन्ही नावं शंभर टक्के बरोबर बसतात, चार महिन्यांपेक्षा कमी काळ सरनौबत आणि नंतर 1687 ला वाईच्या लढाईत पडेपर्यंत सेनापती.

त्यांच्यानंतर म्हाळोजी घोरपडे, संगमेश्वरला संभाजी महाराज पकडले गेले तेव्हा ते लढताना पडले, मग त्यांचेच चिरंजीव संताजी, मग धनाजी जाधव. इथपर्यंत सेनापती म्हणजे खरोखर फौज चालवणारा माणूस. शाहू महाराजांच्या काळात मात्र पदाचा रंग बदलत गेला आणि हे बघून वाईट वाटतं. धनाजींचा मुलगा चंद्रसेन 1711 ला शाहूंना सोडून गेला, तेव्हा फौज उभी करायला बाळाजी विश्वनाथांना 'सेनाकर्ते' असा नवीनच किताब दिला. 1717 ला खंडेराव दाभाडे सेनापती झाले, त्यांच्यानंतर त्रिंबकराव, आणि 1 एप्रिल 1731 ला डभोईला पेशवा आणि सेनापती एकमेकांविरुद्ध लढले, त्रिंबकराव मारले गेले. पद पुढे यशवंतराव दाभाड्यांकडे गेलं, पण ते लहान, कारभार आई उमाबाईंच्या हातात, म्हणून तळेगावच्या उमाबाईंना सेनापती म्हणतात त्याला आधार आहे तो असा. पण लष्करावरची खरी सत्ता तोवर पेशव्यांकडे गेली होती, सेनापती हे घराण्याचं मानाचं नाव उरलं.

याच काळात बाकीचे किताब वाढले आणि आजचा गोंधळ बराचसा इथून येतो. सरलष्कर हा असाच वेगळा किताब, हैबतराव निंबाळकर किंवा दावलजी सोमवंशी यांचा, तो सेनापतीला पर्यायी शब्द नाही, त्यामुळे हंबीररावांना सरलष्कर लिहू नका. नागपूरच्या भोसल्यांचा सेनासाहेबसुभा. बडोद्याच्या गायकवाडांचा सेनाखासखेल समशेर बहादूर, आणि यात तो बहामनी खासखेल परत दिसतोय बघा, सुलतानाच्या रक्षकदलाचं नाव मराठी घराण्याच्या किताबात जाऊन बसलं आणि संस्थानं विलीन होईपर्यंत टिकलं.

राहिला सरसेनापती. काही जण म्हणतात की सेनापती म्हणजेच प्रमुख, मग वर 'सर' कशाला, ही द्विरुक्ती आहे आणि फारसी-संस्कृत खिचडी पण आहे. मला हा आक्षेप मान्य नाही. सरन्यायाधीश चालतो तर सरसेनापती का नको, मराठीने 'सर' केव्हाच आपला करून टाकलाय. फक्त अष्टप्रधानातल्या पदाचं नाव सेनापती होतं, म्हणून पदनाम म्हणून लिहिताना 'सेनापती' लिहावं आणि भाषणात, पोवाड्यात, गौरवाने बोलताना सरसेनापती खुशाल म्हणावं.

तर प्रोजेक्टसाठी : नेताजी आणि प्रतापराव 'सरनौबत', हंबीररावांपासून पुढे 'सेनापती', येसाजी कंकांना प्रत्येक वेळी 'पायदळाचे सरनौबत', आणि गडावरच्या माणसाचा उल्लेख असेल तर गडाचं नाव लावून, राजगडाचे सरनौबत असं.

स्पेलिंगचं पण विचारलं होतं. सरनौबत आणि सरनोबत दोन्ही चालतात. शब्द म्हणून लिहिताना मी नौबत दिसावी म्हणून औकार देतो, पण आडनाव मात्र सरनोबत असंच रूढ आहे, 2018 च्या एशियाडमध्ये नेमबाजीत गोल्ड मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचं आहे तसं, ते बदलायला जाऊ नये. कोल्हापूरकडेच कागल तालुक्यात सेनापती कापशी हे गाव आहे, चपलांसाठी प्रसिद्ध, तिथे संताजी घोरपड्यांच्या वंशजांची जहागीर होती आणि पदाचं नाव थेट गावाला लागलं.