नवतप्याच्या गावात समुद्राची टाकी

खाऱ्या पाण्याच्या पहिल्या टाकीबद्दल नागपुरातून आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांनी आधी माशांबद्दल विचारलंय. आपल्या शहरात मात्र आधी उन्हाळ्याचा हिशेब मांडावा लागतो.

प्रश्न : गोड्या पाण्याची टाकी तीन वर्षं नीट सांभाळली. आता दीड फुटाची प्रवाळाची टाकी करायची आहे. बैठकीत डेझर्ट कूलर आहे, एसी नाही. मे महिन्यात टाकी टिकेल का? (धरमपेठ)

उत्तर : दीड फुटाची नको. पाणी जितकं कमी, तितकं ते लवकर तापतं आणि लवकर खारट होतं. अडीच फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी १० मिमी काचेची टाकी घ्या. दगड-वाळू घातल्यावर तिच्यात साधारण १३० लिटर पाणी राहतं. काच, दगड आणि स्टँड धरून वजन २०० किलोच्या वर जातं, म्हणून ती भिंतीलगत, सपाट फरशीवर ठेवा. पश्चिमेच्या खिडकीसमोर अजिबात नको.

प्रवाळाला २५ ते २६ अंश मानवतात. पाणी २९-३० वर टिकून राहिलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पाण्यावर छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनानं ते दोन-तीन अंश उतरतं. तुमचा कूलरही याच तत्त्वावर चालतो, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. कूलरची हवा आधीच ओलसर झालेली असते, त्यामुळे त्या खोलीत टाकीवरच्या पंख्याचा जोर निम्म्यावर येतो. पुढे जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तो जवळपास निकामी होतो.

म्हणून मे महिन्यात दोनच खात्रीचे मार्ग उरतात : त्या खोलीला एसी, नाहीतर टाकीला चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र. एवढ्या पाण्याला १/१० अश्वशक्तीचा चिलर चालतो, पण त्याची गरम हवा मोकळी सुटली पाहिजे. कॅबिनेटच्या आत दार लावून ठेवलेला चिलर स्वतःचीच उष्णता पुन्हा ओढत बसतो आणि दुपारी बंद पडतो. या दोन्हींचा खर्च आज झेपणार नसेल, तर टाकी पुढच्या वर्षावर ढकला. घाईत आणलेलं प्रवाळ पहिल्याच नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, जातं.

वीज गेली तर? गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि माशांना तो जास्त लागतो, त्यामुळे दुपारची दोन तासांची वीजकपातही जड जाते. १०-१५ वॅटचा वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) घरच्या इन्व्हर्टरला जोडा. १५० एएचच्या बॅटरीला तो भार जाणवतही नाही. चिलर मात्र इन्व्हर्टरवर घेऊ नका. फ्रीजरमध्ये आरओच्या पाण्याच्या एक-एक लिटरच्या बाटल्या गोठवून ठेवा. बूच बंद असलेली एक बाटली १३० लिटर पाणी जेमतेम पाऊण अंश उतरवते. तासाला एकच टाका. चार एकदम टाकल्या तर तो झटका उन्हापेक्षा वाईट.

सुरुवात दिवाळीनंतर करा, म्हणजे उन्हाळा लागेपर्यंत टाकी मुरलेली असेल. डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींसाठी १०० वॅटचा हीटर लागेलच.

प्रश्न : घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी चालेल का? की बोरचं? मीठ किती घालायचं? (मनीषनगर)

उत्तर : बोरचं पाणी नको आणि घरच्या आरओचंही नको. घरच्या यंत्रात चव येण्यासाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतात. टीडीएस (विरघळलेले क्षार मोजणारा) मीटर बुडवून पाहा, बहुधा ५० च्या पुढेच आकडा दिसेल. तुम्हाला शून्य हवा. कार्बन, आरओ आणि शेवटी डीआय (उरलेले क्षार शोषून घेणारं) रेझिन असा संच घ्या. पेंच-कन्हानचं नळाचं पाणी त्यातून गाळलं की क्लोरीन, सिलिका, नायट्रेट सगळं निघतं. रेझिनचा रंग पालटला की ते बदला. यंत्र जे पाणी बाहेर सोडतं, ते बादलीत धरून लादी पुसायला वापरा.

स्वयंपाकाचं मीठ म्हणजे नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेटही असतं, म्हणून प्रवाळाच्या टाकीसाठीचं तयार मीठ, म्हणजे रीफ सॉल्टच घ्या. लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरणीला पाच किलोच्या आसपास. खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिक ड्रममध्ये आधी पाणी घ्या, मग पंप चालू ठेवून मीठ हळूहळू सोडा. मिठावर पाणी ओतलंत तर कॅल्शियमचा पांढरा गाळ बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. २४ तास फिरू द्या, मग मोजा. क्षारता (खारेपणा) ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६. पुढे दर आठवड्याला १३ लिटर पाणी बदलायचं, त्याला सुमारे अर्धा किलो मीठ लागतं.

तळाला अरागोनाइट (चुन्याच्या) वाळूचा दोन सेंटिमीटरचा थर पुरे. कन्हानची रेती बांधकामाला उत्तम, इथे नको : ती मुख्यतः गारगोटी असते, पाण्याची अल्कलिनिटी (बायकार्बोनेटची पातळी) टिकवायला तिचा उपयोग होत नाही.

प्रश्न : रोज कमी झालेलं पाणी मी तयार खाऱ्या पाण्यानं भरतो. आता मापन १.०३१ दाखवतंय, दोन गोगलगायी मेल्या. काय चुकलं? (सक्करदरा)

उत्तर : वाफ होऊन फक्त पाणी उडतं, मीठ टाकीतच राहतं. म्हणून रोजची भर नेहमी बिनमिठाच्या डीआय पाण्याची. एप्रिल-मेमध्ये पंखा चालू असताना रोज तीन लिटर सहज उडतात. आठवडाभर तुम्ही गावाला गेलात आणि कोणी भर घातली नाही, तर १३० लिटरचे १०९ राहतात आणि ३५ ची क्षारता ४१-४२ वर जाते. फ्लोट लावलेला ऑटो टॉप-ऑफ (पाणी कमी झालं की आपोआप भर घालणारं यंत्र) ही इथे चैन नाही, गरज आहे.

आधी मापाची खात्री करा. काटा हलणाऱ्या हायड्रोमीटरमध्ये काट्याला इवलेसे बुडबुडे चिकटतात आणि ते काटा वर उचलतात. बोटानं टिचकी मारा, बुडबुडे सुटू द्या, मग वाचा. त्यापेक्षा थेंबातून प्रकाश किती वाकतो ते पाहून खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर बरा. तो ३५ पीपीटीच्या प्रमाण द्रावणानं जुळवा.

आकडा खराच असेल, तर रोज पाच लिटर खारं पाणी काढा आणि तेवढंच डीआय पाणी घाला. असं चार दिवस. एका दिवसात उतरवलंत तर उरलेल्या गोगलगायीही जातील.

प्रश्न : टाकी भरून तीन आठवडे झाले, वाळूवर तपकिरी थर आलाय. मासे कधी सोडू? दुकानात ‘मन्नारचा जिवंत दगड’ आणि कडक प्रवाळ मिळतंय, घेऊ का? (जरीपटका)

उत्तर : तो थर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा आहे. सिलिका संपली की तो आपोआप जातो. काही ओतू नका.

दगड आणि कडक प्रवाळ दोन्ही घेऊ नका. दगड बांधणारी सर्व प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. समुद्रघोडा आणि समुद्रकाकडीलाही याच कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय असा दगड म्हणजे एखाद्या जिवंत खडकाचा तोडलेला तुकडा. १२-१५ किलो कोरडा सिरॅमिक दगड आणा, सहा महिन्यांत तोही जांभळा होऊ लागतो. मऊ प्रवाळात मशरूम किंवा झोअँथिड हे प्रकार घ्या, तेही पैदास केलेलं आणि कागदपत्रांसह. झोअँथिड हाताळताना हातमोजे घाला. काहींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, म्हणून ते घासू नका आणि तो दगड कधीच उकळू नका.

मासे तारखेवर ठरत नाहीत. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत आधी वाढावे लागतात. ते तपासायला अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाखात दोन भाग) चढवा. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. कोरड्या दगडाला याला चार ते सहा आठवडे लागतात. मग पैदास केलेल्या क्लाउनफिशची एक जोडी. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात आणि सीएमएफआरआय या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रांत ती पैदास होते. समुद्रफूल त्यांना लागत नाही. टाकीला वर्ष होण्याआधी ते आणूही नका. महिन्यानं एक गोबी (तळाशी राहणारा छोटा मासा), एक श्रिंप, चार-पाच गोगलगायी. एवढ्या पाण्याला इतकंच पुरे.

प्रश्न : पावसाळ्यात डास फार. लिक्विड मशीन लावलं तर चालेल का? (महाल)

उत्तर : त्या खोलीत नको. त्यातली पायरेथ्रॉइड औषधं श्रिंपला फार लवकर मारतात, माशांनाही बाधतात. खिडक्यांना जाळ्या लावा, मच्छरदाणी वापरा. फवारणीची गाडी गल्लीत आली की खिडक्या लावा आणि खोलीतली हवा पाण्यात ओढणारा एअर पंप व स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद करा. वेव्हमेकर चालू राहू द्या. टाकीवर ओलं फडकं पसरा आणि धूर पूर्ण विरल्यावरच ते काढा.