विमानतळाच्या टॉवरमध्ये विमानांना रेडिओवरून सूचना देणारा कंट्रोलर दोन मिनिटं फोनवर बोलला, तर खरंच विमानांना धोका होतो का?

हो, होतो. फक्त धोका नेमका कुठून येतो हे नीट समजून घ्यायला हवं, कारण मोबाईल बाहेर ठेवायला लावले की प्रश्न सुटला असं अनेकांना वाटतं.

आधी वेळेचा हिशोब पाहा. मार्गावरच्या दोन विमानांमध्ये रडारवर साधारण ५ सागरी मैल किंवा उंचीत १००० फूट अंतर राखतात. प्रत्येकी ४८० नॉट (म्हणजे ताशी ४८० सागरी मैल) वेगाची दोन जेट विमानं समोरासमोर येत असतील, तर ती मिनिटाला १६ सागरी मैलांनी जवळ येतात. म्हणजे ५ मैल १९ सेकंदांत संपतात. पण नजर स्क्रीनवरून हटली म्हणून होणाऱ्या चुका त्यातल्या त्यात सोप्या, कारण वळून पाहिलं की त्या दिसतात. कानाच्या आणि आठवणीच्या चुका दिसत नाहीत.

कानाची चूक म्हणजे रीडबॅक निसटणं. कंट्रोलर सूचना देतो, पायलट ती परत म्हणून दाखवतो आणि कंट्रोलरने ती आपल्या मूळ सूचनेशी ताडायची असते. अर्धं लक्ष दुसरीकडे असलं की माणसाला पायलट काय म्हणाला ते ऐकू येत नाही, तो काय म्हणणार हे अपेक्षित होतं तेच ऐकू येतं. ८ ऑगस्ट २००९ रोजी न्यूयॉर्कजवळ हडसन नदीवर एक छोटं विमान आणि हेलिकॉप्टर धडकून ९ जण गेले. जवळच्या टेटरबोरो विमानतळाच्या कंट्रोलरने पायलटला पुढच्या टॉवरची रेडिओ फ्रिक्वेन्सी १२७.८५ दिली होती, पायलटने १२७.८ म्हटलं, आणि ती चूक कोणी दुरुस्त केली नाही. कंट्रोलर त्या सुमारास खासगी फोनवर बोलत होता. नंतर त्याने विमानाला हाका मारल्या, पण उत्तर आलं नाही. एकमेकांना नजरेने टाळण्याच्या पद्धतीच्या मर्यादा हेही चौकशीत कारण ठरलं, तरी त्या फोनचा उल्लेख अपघाताच्या कारणांमध्येच आहे.

आठवणीची चूक मला जास्त गंभीर वाटते, कारण ती कामातच गुंतलेल्या माणसाकडून होते. १ फेब्रुवारी १९९१ च्या संध्याकाळी लॉस एंजेलिसला कंट्रोलरने एका छोट्या प्रवासी विमानाला धावपट्टीवर येऊन थांबायला सांगितलं. मग दुसरं एक विमान फ्रिक्वेन्सीवरून नाहीसं झालं, त्याला शोधणं सुरू झालं. तेवढ्यात तिसऱ्या विमानाची स्ट्रिप, म्हणजे त्याची माहिती लिहिलेली पट्टी, जागेवर सापडेना. या गडबडीत धावपट्टीवर उभं असलेलं विमान डोक्यातून गेलं आणि त्याच धावपट्टीवर एका बोईंग ७३७ ला उतरायची परवानगी दिली गेली. ३५ माणसं मेली. इथे खासगी असं काहीच चाललेलं नव्हतं. चौकशीचा मुख्य ठपका टॉवरच्या व्यवस्थापनावर आला: एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेत यावी अशी कामाची पद्धतच तिथे नव्हती.

म्हणून ‘लक्ष ठेवा’ असं नुसतं बजावून काही होत नाही. आठवण डोक्यातून काढून टेबलावर ठेवावी लागते. धावपट्टीवर विमान थांबवलंत की लगेच, पुढचा शब्द बोलण्याआधी, त्याची स्ट्रिप तिरकी करा किंवा ‘धावपट्टी व्यापलेली’ ही पट्टी बोर्डवर लावा. लँडिंग क्लिअरन्स देताना आधी बोर्ड, मग धावपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मगच माईकचं बटण. फोन वाजला तर रेडिओवरचं वाक्य आणि त्याचा रीडबॅक पुरा होईपर्यंत तो वाजू द्या. पलीकडचा माणूस थांबू शकतो, विमान थांबू शकत नाही. व्यत्यय संपल्यावर ‘मी कुठे होतो’ हे आठवत बसू नका. पहिल्या स्ट्रिपपासून सगळं पुन्हा वाचा. यात काही सेकंद जातात, पण मधली गाळलेली पायरी अशीच सापडते.

शिफ्ट बदलताना तोंडी हँडओव्हर चालू असेल, तर तिसऱ्याने मध्ये बोलू नये. यादी समोर ठेवूनच हँडओव्हर करावा, आणि सोडणाऱ्याने काही मिनिटं शेजारी थांबावं, कारण नव्या माणसाच्या मनात चित्र पूर्ण उभं राहायला वेळ लागतो. वाहतूक कमी असते तेव्हा गप्पा रंगतात, म्हणून निवांत तासातही सुपरवायझरने खुर्च्यांभोवती घोळका जमू देऊ नये.

राहिला मनुष्यबळाचा मुद्दा. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या उबरलिंगेनवर दोन विमानं धडकून ७१ जण गेले. तेव्हा ती विमानं सांभाळणाऱ्या झुरिचच्या केंद्रात एकच कंट्रोलर दोन टेबलं आणि दोन फ्रिक्वेन्सी सांभाळत होता, कारण दुसरा विश्रांतीला गेला होता. देखभालीमुळे मुख्य टेलिफोन बंद होता. उशिरा आलेल्या एका विमानासाठी तो शेजारच्या विमानतळाला फोन लावत राहिला, पण लागेना. समोरची टक्कर त्याच्या लक्षात आली तेव्हा एक मिनिटही उरलं नव्हतं. तो फोन कामाचाच होता. तो लावायला दुसरं माणूस हवं होतं.