भाडं थकलेला डिटेक्टिव्ह

प्रश्न : जावयानं पुण्याहून फाल्को नावाच्या रोमन डिटेक्टिव्हची इंग्रजी कादंबरी आणून दिली. पन्नास पानं झाली, खून राहिला बाजूला, हा गडी घरभाड्यावरून कुरकुरतोय. त्या काळी रोममध्ये डिटेक्टिव्ह होते तरी का? की सगळी थट्टाच?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : अहो, भाडं आहे म्हणून तर गोष्ट आहे! लिंड्से डेव्हिस यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली ही मालिका इसवी सन ७० च्या रोममध्ये उघडते, आणि फाल्को राहतो अगदी वरच्या मजल्यावर. आपल्याकडे वरचा मजला म्हणजे हवा, उजेड. तिथं उलटं. पाणी खालून वाहून न्यायचं, आग लागली की वरचे अडकलेच. म्हणून वर भाडं कमी. त्यात याचा घरमालक वसुलीला ग्लॅडिएटर, म्हणजे आखाड्यात लढणारे गडी, धाडतो. मी नोकरीला लागलो तेव्हा शहापुरात माडीवर खोली घेतली होती. मालकीणबाई एक तारखेला जिन्याच्या पहिल्या पायरीवर लसूण सोलत बसायच्या. तोंडानं एवढंच, "मास्तर, एक तारीख न्हवं आज?" त्यापेक्षा ग्लॅडिएटर परवडला असता.

फाल्कोच्या खाली धुलाईचं दुकान. रोममध्ये कपड्यांचा मळ काढायला शिळं मूत्र वापरत, आणि वेस्पासियन बादशहानं त्या मूत्रावरही कर बसवला. मुलगा टायटस कुरकुरला, तर बापानं त्याच करातलं नाणं त्याच्या नाकाला लावून विचारलं, येतोय का वास? हे डेव्हिसबाईंनी रचलेलं नाही, सुएटोनियस हा रोमन चरित्रकार लिहून गेलाय.

आता डिटेक्टिव्हचं. आजच्यासारखा नव्हता. पण सरकारी वकीलही नव्हता. खटला कुणाही नागरिकानं भरायचा, आणि शाबित झाला तर काही कायद्यांत त्याला दंडातला वाटा मिळे. त्यामुळं वाट्यासाठी चहाड्या करणारे माजले, लोक त्यांच्या नावानं बोटं मोडत. फाल्कोचा धंदा यांच्याच पंगतीतला. पहिला बादशहा ऑगस्टस यानं इसवी सन ६ मध्ये पहारेकऱ्यांची सात पथकं उभारली होती, पण त्यांचं मुख्य काम आग विझवणं आणि रात्रीची गस्त. बाईंनी आपला माणूस या फटीत बसवलाय. थोडी सूट घेतलीय, घेऊ द्या की.

बादशहाला तोंडावर उलट बोलणारा हा गडी आईपुढं मांजर होतो, तिथं मी तरी हसून लोळलो. जावयाला मात्र विचारा, कितवा भाग दिलाय. नायिका हेलेनाशी त्याचं सूत पहिल्या भागापासून जुळत जातं, मधूनच धरलंत तर मजा गेली.

आणि कधी कोल्हापूरला गेलात तर टाऊन हॉलच्या संग्रहालयात डोकवा. तिथल्याच ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी, रोमन काळातली काशाची मूर्ती तिथं आहे. समुद्राचा देव, तो पंचगंगेकाठी! कुणी आणला, कुणी घेतला, आणि पैसे चुकते झाले की बुडवले?