कँटनचा मान कोणाला? रनिंग बॅकविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अमेरिकन फुटबॉलमधील रनिंग बॅकने, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूने, कारकिर्दीत धावून दहा हजार यार्ड अंतर पूर्ण केले की हॉल ऑफ फेम या मानाच्या दालनात त्याची जागा नक्की व्हायला हवी, असे आमच्या घरात मानले जाते. हे बरोबर आहे का? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : ओहायोतील कँटन येथे १९६३ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या नियमांत यार्डांचा कोणताही आकडा नाही. निवृत्तीनंतर पाच हंगाम उलटले की खेळाडू विचारार्थ पात्र ठरतो आणि निवड होण्यासाठी समितीची ८० टक्के मते लागतात. दहा हजार ही संख्या लक्षात राहायला सोपी आहे, पण ती कोणत्या काळात आणि किती सामन्यांत गाठली, हे त्यातून कळत नाही. हंगामात १९६० पर्यंत १२, पुढच्या वर्षापासून १४, १९७८ पासून १६ आणि २०२१ पासून १७ सामने होत आले आहेत. जिम ब्राउनने १२,३१२ यार्ड केवळ ११८ सामन्यांत मिळवले आणि कारकिर्दीतील नऊपैकी आठ हंगामांत धावून मिळवलेल्या यार्डांत तोच अव्वल होता. म्हणून मी आधी एवढेच पाहतो की, आपल्या काळातील सर्वोत्तम धावपटूंमध्ये हा खेळाडू किती हंगाम होता. बेरीज त्यानंतर.

प्रश्न : फ्रँक गोरचे १६,००० यार्ड आहेत आणि टेरेल डेव्हिसचे ७,६०७. तरीही २०१७ मधील डेव्हिसची निवड तुम्ही योग्य मानता. निम्म्याहून कमी यार्डांना एवढा मान का? (पुणे)

उत्तर : कारण रनिंग बॅकची जागा शरीराला फार काळ टिकू देत नाही. शंभर किलोंहून अधिक वजनाचे बचावपटू प्रत्येक सामन्यात वीस-पंचवीस वेळा ज्याच्या गुडघ्यांवर आणि खांद्यांवर आदळतात, त्याची गुणवत्ता केवळ दीर्घायुष्यावर मोजणे मला अन्यायाचे वाटते. हे तत्त्व डेव्हिससाठी नव्याने शोधलेले नाही. गेल सेयर्स अवघे ६८ सामने खेळला आणि त्याचे यार्ड ४,९५६ एवढेच होते; पण १९६५ च्या पहिल्याच हंगामात त्याने २२ टचडाउन केले होते (म्हणजे तितक्या वेळा चेंडू गोलरेषेपार नेला होता) आणि १९६८ मध्ये गुडघ्याचे अस्थिबंध फाटल्यानंतर पुढच्याच वर्षी तो धावण्याच्या यार्डांत पुन्हा लीगमध्ये (एनएफएल) पहिला आला होता. १९७७ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, त्याला कँटनमध्ये स्थान मिळाले. डेव्हिसने १९९८ मध्ये २,००८ यार्ड मिळवले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बाद फेरीतील त्याचे आठ सामने : १,१४० यार्ड, १२ टचडाउन आणि त्याच्या डेन्व्हर संघाचे सात विजय. जानेवारी १९९८ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, अर्धशिशीमुळे दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्याला बाहेर बसावे लागले, तरी १५७ यार्ड आणि तीन टचडाउन करून सामन्याचा मानकरी तोच ठरला.

गोरबद्दल मला मनापासून आदर आहे. महाविद्यालयातच दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेला हा माणूस सोळा हंगाम खेळला आणि त्यांपैकी नऊ हंगामांत त्याने हजार यार्ड ओलांडले. मात्र तो लीगमध्ये कधीही पहिला आला नाही. या जागेवर इतके टिकणे हीसुद्धा दुर्मीळ गुणवत्ता आहे, म्हणून माझे मत त्याच्या बाजूने जाईल. पण डेव्हिसच्या आधी नाही.

प्रश्न : यश धावणाऱ्याचे की त्याच्यासाठी वाट मोकळी करणाऱ्या लाइनमनचे, हे कसे ओळखायचे? (शार्लट, नॉर्थ कॅरोलिना)

उत्तर : पूर्णपणे वेगळे काढता येत नाही, पण साथीदार बदलल्यावर काय घडते ते पाहता येते. शॉन अलेक्झांडर २००५ मध्ये २७ वेळा धावत गोलरेषेपार गेला आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वेळी सिअ‍ॅटलच्या डाव्या बाजूला वॉल्टर जोन्स आणि स्टीव्ह हचिन्सन हे लाइनमन होते, आणि पुढे हे दोघेही कँटनला पोहोचले. हचिन्सन दुसऱ्या संघात गेल्यावर अलेक्झांडरची प्रत्येक धावेमागची सरासरी ५.१ वरून ३.६ यार्डांवर घसरली. पायाचे हाड मोडणे हेही त्याचे एक कारण होते, हे नमूद करायला हवे. डेव्हिसलाही हा प्रश्न चुकत नाही, कारण तो जखमी झाल्यावर त्याच व्यवस्थेत ओलँडिस गॅरीने १,१५९ आणि पुढच्या वर्षी माइक अँडरसनने १,४८७ यार्ड केले. पण दोघांनाही ती पातळी टिकवता आली नाही. याउलट बॅरी सँडर्सने दहा हंगामांत १५,२६९ यार्ड मिळवले, त्या काळात त्याच्या डेट्रॉइट संघाला बाद फेरीत एकच विजय मिळाला होता. त्याच्याविषयी ही शंका कोणी घेत नाही.

प्रश्न : झेललेले पास मोजावेत का? (ठाणे)

उत्तर : अवश्य. रनिंग बॅक मार्शल फॉकचे ६,८७५ यार्ड पास झेलून आलेले आहेत; ते वगळले तर त्याचा खेळच समजत नाही.

प्रश्न : अजून कोणाला न्याय मिळायला हवा होता, असे तुम्हाला वाटते? (नाशिक)

उत्तर : जॅक्सनव्हिलच्या फ्रेड टेलरला. त्याला वर्षानुवर्षे ताटकळत ठेवण्यासाठी दोन कारणे पुढे केली जात आली : प्रो बोल या हंगामातील निवडक खेळाडूंच्या मानाच्या सामन्यासाठी त्याची निवड एकदाच झाली आणि तो वारंवार जखमी व्हायचा. २००१ मध्ये तो दोनच सामने खेळला, हे खरे आहे. पण पुढच्या दोन्ही हंगामांत तो सर्व १६ सामने खेळला आणि त्याने अनुक्रमे १,३१४ व १,५७२ यार्ड केले. प्रो बोलच्या मतदानात प्रेक्षकांच्या पसंतीचाही वाटा असतो आणि जॅक्सनव्हिलसारख्या लहान शहराच्या संघाला तेथे तोटा होतो. कारकिर्दीत ११,६९५ यार्ड, प्रत्येक धावेमागे ४.६ आणि सामन्यामागे ७६ यार्ड ही त्याची नोंद आहे. २०१५ मध्ये निवडल्या गेलेल्या जेरोम बेटिसचे हेच आकडे ३.९ आणि ७१ आहेत. बेटिसची निवड मला मान्य आहे, आणि म्हणूनच टेलरला दार बंद ठेवण्याचे कारण मला सापडत नाही.