कोवाच बेला कोण?

प्रश्न : माझी भाची बुडापेस्टला शिकते. तिथं 25 फेब्रुवारीला कम्युनिस्ट राजवटीच्या बळींचा स्मृतिदिन असतो आणि ती तारीख एका शेतकरी पुढाऱ्याच्या अटकेची आहे, असं ती सांगते. हा पुढारी कोण? – एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : कोवाच बेला. हंगेरीत आडनाव आधी लावतात. कोवाच म्हणजे लोहार. जन्म 1908चा, पेच शहराजवळच्या पातच गावात, शेतकऱ्याच्या घरी. पक्ष किशगझ्दांचा. पीककर्जाच्या अर्जावर आपण ज्याला अल्पभूधारक म्हणतो, तोच हा किशगझ्दा. नोव्हेंबर 1945च्या निवडणुकीत या पक्षाला 57 टक्के मतं पडली, 409पैकी 245 जागा मिळाल्या. कम्युनिस्टांना 17 टक्के. कोवाच काही महिने कृषिमंत्री होते, पण त्यांचं खरं वजन पक्षाचे सरचिटणीस म्हणून.

मग घोडं अडलं कुठं? माझ्या मते गृहखात्यापाशी. देशात रशियन फौजा होत्या. बहुमत असूनही हे खातं कम्युनिस्टांना सोडलं, पोलीस त्यांचे झाले. बोट दिलं की मनगट धरतात. मार्च 1946मध्ये दबावाखाली पक्षानं आपलेच वीसेक खासदार काढून टाकले. पुढच्या वर्षी कम्युनिस्टांनी कटाचा आळ घेऊन थेट सरचिटणीसच, म्हणजे कोवाचच, मागितले. या वेळी मात्र संसदेनं त्यांना खासदार म्हणून असलेलं अटकेपासूनचं संरक्षण काढायला नकार दिला.

25 फेब्रुवारी 1947ला कोवाच आपण होऊन आंद्राशी रस्त्यावरच्या 60 नंबरच्या इमारतीत, राजकीय पोलिसांकडे जबाब द्यायला गेले. परत घरी आले, आणि त्याच दिवशी रशियनांनी त्यांना उचललं. परक्या लष्कराला कुठली संसद आडवी येणार! दुसऱ्या महायुद्धानंतर हंगेरीशी झालेल्या पॅरिसच्या शांतता करारावर सह्या होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते.

मे महिन्यात पंतप्रधान नॉज फेरेन्स स्वित्झर्लंडला सुटीवर असताना त्यांच्याकडून राजीनामा घेतला. मायदेशी राहिलेला लहानगा मुलगा सरहद्दीवर हाती आल्यावरच त्यांनी तो दिला. ऑगस्टच्या निवडणुकीत पक्ष 15 टक्क्यांवर आला.

कोवाच सुटले ते 1956मध्ये. त्याच वर्षीच्या कम्युनिस्ट राजवटीविरुद्धच्या उठावात काही दिवस मंत्री झाले, आणि जमीनदार-सावकारांचं जुनं राज्य परत येणार नाही, असं त्यांनी बजावलं. नऊ वर्षं कैद भोगलेला माणूस हे बोलतो, याचं मला फार अप्रूप वाटतं. 1959मध्ये पेचला ते वारले. वय अवघं 51.

आंद्राशी रस्त्यावरच्या त्या 60 नंबरात आता संग्रहालय आहे. भाचीला एकदा जाऊन यायला सांगा.