आजीची इरकली नऊवारी, कात्री लावू की नको?

या वेळी पत्रं भरपूर आलीयत, पण पहिल्या पत्राने मला दोन दिवस दुसरं काही सुचू दिलं नाही, त्यामुळे त्याचंच उत्तर लांबलंय, बाकीच्या मैत्रिणींनी समजून घ्या.

प्रश्न : ताई, आजीला जाऊन वर्ष झालं. तिची रोजच्या वापरातली इरकली नऊवारी माझ्याकडे आहे. मला लेकीसाठी तिची गोधडी शिवायचीय, आई म्हणते ठेव जपून, साडीला कात्री लावायची नाही. हात धजत नाही आणि साडी कपाटात पडून राहिलेलीही बघवत नाही. काय करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अगं, कात्री लावायचीच नाहीये! आईचंही राहील आणि तुझंही होईल. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास असते, तिच्या लांबीत चार घड्या घातल्या की साधारण साडेसहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद अशी चार पदरी गोधडी होते, एका माणसाला पुरते. अखंड साडीची गोधडी, एकही तुकडा न कापता.

आधी साडी धुऊन घे, खळ किंवा स्टार्च अजिबात नको, खळीच्या कपड्याला कसर लागते. वाळली की खिडकीसमोर उजेडात धर आणि हातभर हातभर सरकवत बघ. बसायच्या भागाला आणि टाचेकडच्या काठाला कापड विरलेलं असणार, तिथनं उजेड जास्त येतो. दोन्ही अंगठ्यांनी हलकं ताणून बघ, चर्रर्र आवाज आला तर तो भाग घडी घालताना आतल्या थरात जाईल असं कर. इरकलीचा पदर बहुतेक रेशमी असतो आणि अंग सुती, म्हणजे धुतल्यावर दोघं सारखे आटत नाहीत, म्हणून पदर वरच्या बाजूला येऊ दे, तिथे टाके जरा सैल घाल. तो लाल पदर वर दिसला की लेकीला वेगळं काही सांगावं लागणार नाही.

मग फरशी पुसून त्यावर अंथर, चार कोपऱ्यांवर पाट नाहीतर भरलेले तांबे ठेव, आणि आधी कच्चा टाका घाल, तोही मधून कडेकडे, म्हणजे सुरकुत्या बाहेर निघून जातात. इथे घाई केली की मध्ये फुगा राहतो आणि तो नंतर कितीही टाके घातले तरी जात नाही. कच्चं झालं की पक्का धावदोरा मात्र कडेपासून सुरू करून चौकोनात फिरत आत यायचं, दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा सुती आणि हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गाठी पडतात आणि गाठ सोडवताना जुनं कापड फाटतं. मशीनवर शिवू नकोस असं माझं अगदी स्पष्ट मत आहे. मशीनचा बारीक टाका जुन्या कापडाला ओळीने भोकं पाडतो आणि दोन-तीन धुण्यांत त्याच रेषेवर ते उसवतं.

आणि आईला बसव बरोबर. माझ्या आईने शिवलेल्या गोधडीत एका कोपऱ्यात पांढरा दोरा संपला म्हणून चार बोटं निळा दोरा आहे, मी अजून अंथरताना आधी तो कोपरा शोधते. तुमच्या गोधडीतही दोघींचे टाके वेगवेगळे ओळखू येतील, येऊ देत.

प्रश्न : क्रोशाचा गोल रुमाल विणतेय, पाचव्या ओळीनंतर कडेला लाटा येतायत. इस्त्री केली तर बसेल का?

उत्तर : नाही बसणार, खांब, म्हणजे सुईवर वेढा घेऊन काढलेले उंच टाके, जास्त झालेत. साध्या गोलाला पहिल्या ओळीत 12 खांब, मग 24, 36, 48, दर ओळीला 12च वाढवायचे. लाटा येतात म्हणजे वाढ जास्त, वाटीसारखं वळतं म्हणजे कमी. जिथपर्यंत सपाट आहे तिथपर्यंत उसवा.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते. आईने पुण्याहून तिच्या जुन्या इंग्रजी पुस्तकातला बाळाच्या टोपीचा पॅटर्न पाठवला. टाके मोजून विणले तरी टोपी माझ्याच डोक्यात बसतेय आणि जाळीदार झालीय. लोकर चुकली का?

उत्तर : लोकर चुकली नाही, शब्दाने घोळ केला. आईचं पुस्तक ब्रिटिश पद्धतीचं असणार. ब्रिटिश 'डबल क्रोशे' म्हणजे अमेरिकेतला 'सिंगल क्रोशे', म्हणजे आपला मुका खांब, सुईवर वेढा न घेता काढलेला बुटका टाका. तू तिकडच्या सवयीने वेढा घेऊन उंच खांब विणलास, म्हणून टोपी मोठी आणि विरळ. पॅटर्नमध्ये 'सिंगल क्रोशे' दिसलं तर तो बहुतेक अमेरिकन असतो. मला तर आपले शब्दच जास्त आवडतात, मुका खांब म्हटलं की फोनवरसुद्धा दोघींना एकच टाका कळतो. पुढच्या वेळी आधी चार इंचाचा चौकोन विणून टेपने मोज, अर्धा तास जातो पण अख्खी टोपी उसवावी लागत नाही.

प्रश्न : नातवाच्या बारशाला खणाची कुंची शिवतेय. खण टोचेल का? रंग जाईल का?

उत्तर : ओला पांढरा रुमाल खणावर घासून बघा, रंग उतरला तर तो खण बाळाला नको, दुसरा घ्या. आतून धुतलेल्या मलमलचं अस्तर लावा आणि सगळ्या शिवणी दोन कापडांच्या मध्ये दाबा, बाळाच्या मानेला एकही कच्ची कड लागता कामा नये. मोती-टिकल्या कितीही सुंदर दिसल्या तरी लावू नका, सुटून तोंडात जातात. हनुवटीखाली लांब नाड्यांऐवजी छोटं टिचबटण लावा, आणि पाळण्यात घालून फोटो झाले की झोपवण्याआधी कुंची काढून ठेवा.